अंगणातला कोबा : आधी पाणी कमी, मग पाणी जास्त

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली की दोन गोष्टी ठरलेल्या. एक, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात रापायचं. दुसरी, घरात कसलंही काम निघालं की "तू तर इंजिनियर ना, सांग बघू" हे ऐकायचं. मला घरच्यांनी विचारलेला पहिला खराखुरा प्रश्न होता, अंगणात कोबा करायचा तर कसा करायचा? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये. घर सगळ्यांनाच असतं, आणि अंगणाचं काम कधी ना कधी निघतंच. स्टाफपैकी ज्यांचं बांधकाम चालू आहे, त्यांनी तर जरूर वाचावं.

आधी आमची केस सांगते. आमचं घर बार्शीला. पुढे २० फूट बाय १५ फूट अंगण, त्यात जुनी शहाबादी फरशी. आमच्या घराखाली काळी माती आहे, त्यामुळे दर पावसाळ्यात काही फरश्या वर यायच्या आणि उन्हाळ्यात काही खाली बसायच्या. इतकी वर्षं आम्ही त्यावरून उड्या मारत गेलो. पण आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला वॉकर घेऊन रोज चालायला सांगितलं. वॉकरचा पाय फरशीच्या फटीत अडकला तर काय होईल, याचा विचारसुद्धा कोणाला करवत नव्हता. त्यामुळे काम लवकर हवं होतं, आणि दोन वर्षांत पुन्हा उखडेल असं नको होतं.

मी कॉन्व्हेंटची. काँक्रीट टेक्नॉलॉजीचं पुस्तक इंग्रजीत पाठ, पण धुम्मस, पाटा, रंधा, फर्मा हे शब्द मला आमच्या मिस्त्रीमामांनी शिकवले. क्युअरिंगला मराठीत काय म्हणतात असं विचारल्यावर ते म्हणाले, "त्याला काय म्हणायचं? पाणी मारणं!" या लेखात मी त्यांचेच शब्द वापरणार आहे.

जमीन : अर्धं काम इथेच

कोबा फुटला की लोक सिमेंटला शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोष खालच्या जमिनीचा असतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीवर थेट काँक्रीट ओतणं म्हणजे श्वास घेणाऱ्या माणसाच्या पोटावर काच ठेवण्यासारखं आहे.

यावरचा उपाय जुनाच आहे. वरची काळी माती काढायची आणि तिथे न फुगणारा, पण चिकटून बसणारा मुरूम भरायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा न फुगणाऱ्या थराचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि पुढे काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणात तो वापरला गेला. अंगणासाठी एवढा खोल विचार नको, पण १ फूट मुरूम तरी हवाच.

मुरूम एकदम ओतून वरून धुम्मस मारली तर फक्त वरचा थर दाबला जातो. म्हणून ६-६ इंचांचे दोन थर करायचे, प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडायचं आणि मग ठोकायचं. पाणी किती? अमेरिकन इंजिनियर राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मातीला एक ठराविक ओलावा असतो, त्या ओलाव्याला ती सगळ्यात जास्त दाबली जाते. आपण लॅबमध्ये करतो ती प्रॉक्टर टेस्ट हीच. घरी मात्र मूठ हेच उपकरण. मुरूम मुठीत दाबल्यावर लाडू झाला पाहिजे, आणि हाताला पाणी लागता कामा नये.

भार वाटून घेण्याचा धडा तर आपल्या बार्शीनेच जगाला दिलाय. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्यांनी अडीच फुटी गेजची गाडी अशी आखली की कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ नये. भार सारखा वाटला म्हणून हलके रूळ पुरले. कोब्याचंही तेच. ४ इंचांचं काँक्रीट माणसांचा भार सहज पेलतं, पण खालचा आधार सगळीकडे सारखा असला तरच. एका कोपऱ्यात मुरूम पोकळ राहिला की काँक्रीट तिथे पुलासारखं अधांतरी राहतं, आणि ४ इंचांचा बिनसळईचा पूल किती टिकणार?

हिशोब : बरोबर एक ब्रास

आमचं अंगण ३०० चौरस फूट. जाडी ४ इंच, म्हणजे एक तृतीयांश फूट. गुणाकार केला तर १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास तयार काँक्रीट. (कार आत येणार असेल तर ६ इंच धरा.)

प्रमाण घेतलं १ : १.५ : ३, म्हणजे एम-२०. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. इथे एक गंमत आहे. कोरडा माल मोजून मिसळला की वाळू खडीच्या पोकळीत जाते, सिमेंट वाळूच्या पोकळीत जातं आणि सगळं मिळून आकार कमी होतो. म्हणून १ ब्रास ओल्या काँक्रीटसाठी कोरडा माल साधारण १.५४ ब्रास लागतो. त्यातून येतं :

सिमेंट – सुमारे २३ पोती
वाळू – ४२ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या थोडी आत
२० मि.मी. खडी – ८४ घनफूट
मुरूम – दाबून ३ ब्रास, म्हणजे सैल सुमारे ४ ब्रास

हाताने कालवणार असाल तर १० टक्के सिमेंट जास्त धरण्याची पद्धत आहे. वाळू ओली असेल तर तीही फसवते. ४-५ टक्के ओलाव्याला वाळू फुगते आणि आकाराने २५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसते. अशी वाळू मोजून टाकली तर प्रत्यक्षात कमी पडते. म्हणून ओल्या वाळूचा फर्मा थोडा जास्त भरायचा. आता नदीच्या वाळूऐवजी खडी क्रशरची वाळू बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती चालते, फक्त तिच्यात दगडाची भुकटी फार नको.

सिमेंटच्या पोत्यावर कितव्या आठवड्याचा माल आहे ते छापलेलं असतं. दुकानात तेवढं वाचाच. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालेली असते.

कालवताना : पाणी कमी

आता मुद्द्याचं. १९१८ मध्ये शिकागोत डफ अब्राम्स यांनी हजारो चाचण्यांमधून एक नियम मांडला. माल तोच असेल तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरली. शंभर वर्षं उलटून गेली, पण व्हायवाला हा प्रश्न अजून येतो.

कारण सोपं आहे. सिमेंटला त्याच्या रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या साधारण ३८ टक्के पाणी पुरतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १९ लिटर. त्याहून जास्तीचं पाणी फक्त माल मऊ करायला असतं. ते नंतर उडून जातं आणि जागेवर बारीक छिद्रं ठेवून जातं. आम्ही पोत्याला २५ लिटर ठरवलं, म्हणजे गुणोत्तर ०.५. यात एकच १० लिटरची बादली जास्त पडली तर गुणोत्तर ०.७ होतं आणि ताकद तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घटते. २३ पोत्यांचे पैसे देऊन आपण १५ पोत्यांचं काम घरी आणतो, असं म्हणा ना.

पण साइटवर हे सांगणं म्हणजे खरी परीक्षा. पाणी जास्त असलं की माल आपोआप पसरतो, कमरेला त्रास कमी. मिस्त्रीमामा चार वेळा म्हणाले, "ताई, माल घट्ट व्हायलाय, जरा पाणी सोडू द्या की." त्यांचं चुकत नव्हतं. दिवसभर वाकून फावडं मी मारत नव्हते, ती माणसं मारत होती. म्हणून नुसतं नाही म्हणण्यापेक्षा आम्ही तीन गोष्टी केल्या. एका वेळी कमी माल कालवला, म्हणजे तो टाकेपर्यंत आवळत नाही. एक माणूस वाढवला. आणि पाण्याच्या बादलीवर रंगाने रेघ मारली. रेघेपर्यंत पाणी, वाद बंद. त्या बादलीचं श्रेय मामांना, कल्पना त्यांचीच.

सांधे : भेग कुठे पडावी हे आपण ठरवायचं

काँक्रीट वाळताना आकसतं. आयएस ४५६ : २००० प्रमाणे हिशोबासाठी हे आकसणं ०.०००३ धरतात. आमच्या २० फुटांना, म्हणजे ६.१ मीटरला हे सुमारे १.८ मि.मी. होतं. आकडा छोटा वाटतो, पण काँक्रीट ताणात अगदीच दुबळं असतं. जमिनीने धरून ठेवल्यामुळे त्याला सरकता येत नाही, आणि ते फुटतं. उन्हाळा-हिवाळ्यात वाढणं-घटणं वेगळंच.

म्हणजे भेग पडणारच. आपण फक्त ती सरळ रेषेत आणि आपल्याला हव्या त्या जागी पाडायची. ४ इंच जाडीला ८ ते १० फुटांवर सांधा हवा, आणि चौकट शक्यतो चौरसाच्या जवळची हवी. आम्ही अंगणाचे १० बाय साडेसात फुटांचे चार भाग केले. पहिल्या दिवशी समोरासमोरचे दोन तिरके भाग ओतले, दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. कॅरमच्या बोर्डावर नाही, बुद्धिबळाच्या पटावर असतात तसे. एका भागाला पाव ब्रास माल, सुमारे सहा पोती. चार माणसांना हाताने झेपेल एवढाच. अखंड ओतायचं असेल तर माल ओला असतानाच पाट्याला धरून जाडीच्या पाव भागाएवढी, म्हणजे १ इंच खोल खाच पाडावी.

घराच्या जोत्याला कोबा कधीही चिकटवू नये. घर आपल्या पायावर उभं आहे, कोबा मुरमावर. दोघांची हालचाल वेगळी. मध्ये थर्मोकोलची पट्टी ठेवली की भांडण मिटलं.

उतार आणि फिनिशिंग

उतार घरापासून बाहेर, ६० ला १. पंधरा फुटांना ३ इंच. डोळ्यांना कळत नाही, वॉकरलाही जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. लेव्हल काढायला महागडं यंत्र नको, पाण्याची पारदर्शक नळी पुरते. पाणी जोत्यापाशी मुरलं की काळी माती पुन्हा फुगायला मोकळी, म्हणून हा उतार दिसण्यापुरता नाही, कोब्याच्या जीवासाठी आहे.

पाट्याने लेव्हल केल्यावर थोड्या वेळाने वर पाणी येतं. ते चमकत असेपर्यंत रंधा लावायचा नाही. खूप ठिकाणी ते पाणी शोषायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि घोटून घोटून आरशासारखं करतात. त्या दिवशी फार छान दिसतं. पुढे त्या पातळ थराला जाळीसारख्या भेगा पडतात, आणि पावसात त्यावरून पाय घसरतो तो वेगळाच. आम्ही लाकडी रंधा मारून वर खराटा ओढला, चालण्याच्या दिशेला आडवा. ज्या खराट्याने आई अंगण झाडते तोच, फक्त धुऊन घेतलेला. त्या बारीक रेघांनी पायाला आणि वॉकरच्या रबराला पकड मिळते. मामांना हे काम अर्धवट वाटत होतं. पण आजी त्यावरून पहिल्यांदा भिंतीला हात न लावता फाटकापर्यंत गेली, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "आता घोटायचं नाही कुणाकडंच."

नंतर : पाणी जास्त

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी लेख सार्थकी लागला. सिमेंट आणि पाण्याची क्रिया अनेक दिवस चालते. मध्येच पाणी संपलं तर ती तिथेच थांबते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशवालं पीपीसी असेल तर १० दिवस ओलावा हवा. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर हेच १० आणि १४ दिवस होतात. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, तेव्हा बार्शीसारख्या ठिकाणी १४ दिवस धरूनच चाला.

आणि इथे आमच्या घरात खरी चर्चा झाली. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. बाबा म्हणाले, "प्यायला पाणी जपून वापरायचं आणि काँक्रीटला आंघोळ घालायची?" प्रश्न रास्त होता. ३०० चौरस फुटांवर मातीची आळी करून १ इंच पाणी साठवायचं तर एका वेळी ७०० लिटर लागतं. उन्हाळ्यात त्यातलं रोज बरंचसं उडूनही जातं.

मग मार्ग काढला तो असा. काम उन्हाळ्यात काढलंच नाही. बार्शीचा मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो, आणि आयएस ७८६१ मध्ये ४० अंशांवरच्या कामाला उष्ण हवामानातलं काँक्रीट म्हणून वेगळी काळजी सांगितली आहे. आम्ही गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत केलं. वर आळी न करता ओली पोती अंथरली आणि त्यावर प्लास्टिकचा कागद, कडेला विटा. आतली वाफ आतच राहते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच बादल्यांत भागलं, तेही बोअरच्या पाण्यात. पाणी मारायची ड्यूटी मी आणि भावाने वाटून घेतली. चौदा दिवस, मोबाईलमध्ये अलार्म लावून.

एक सूचना खास सोलापूर जिल्ह्यासाठी. आपल्याकडे साखर कारखाने भरपूर, त्यामुळे साखरेची रिकामी पोती सहज मिळतात. ती तशीच अंथरू नका. साखरेचा थोडासा अंशसुद्धा सिमेंटचं आवळणं लांबवतो. पोती आधी खळखळून धुवा, नाहीतर ज्वारीची वापरा. खताची पोती तर अजिबात नको.

सगळं अंगण झाकू नका

शेवटचं, पण महत्त्वाचं. कोबा केला की धूळ नाही, चिखल नाही, म्हणून लोक भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं बंद करतात. मग एक इंच पाऊस पडला तर ३०० चौरस फुटांवरून ७०० लिटर पाणी सरळ रस्त्यावर जातं. म्हणजे आळ्याच्या पद्धतीने जेवढं पाणी एका वेळी लागलं असतं, आणि जे नळाला नाही म्हणून आम्ही घरात वाद घातला, तेवढंच पाणी एका सरीत आपण गटारात सोडतो! आमच्याकडे उताराच्या टोकाला, घरापासून लांब, एक शोषखड्डा आहे. तो काळ्या मातीत संपवून चालत नाही, तिच्यातून पाणी मुरत नाही. खालचा मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. कडुलिंबाभोवतीही चार फुटांचा चौकोन उघडा ठेवलाय. मुळांना पाणी मिळतं आणि कोबा मुळांनी उचललाही जात नाही. खोदताना निघालेली काळी माती फेकली नाही, काही कुंड्यांत गेली आणि बाकी शेतात.

काम होऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. केसासारख्या दोन भेगा पडल्या आहेत, दोन्ही सांध्याच्या रेघेत, जिथे आम्ही सांगितल्या तिथेच.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर असं काम निघालेलं दिसलं तर उगाच भाव खाऊ नका आणि मिस्त्रींशी वादही घालू नका. त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्याला चार वर्षांत कळणार नाही. तुम्ही फक्त दोन गोष्टी तुमच्याकडे घ्या. कालवताना बादलीवरची रेघ सांभाळायची, आणि सगळे कामगार घरी गेल्यावर चौदा दिवस पोती ओली ठेवायची. ही दोन्ही कामं पैसे देऊन कोणी मनापासून करत नाही. ती घरच्यांनीच करायची असतात.